कॅम्प तीनमधला बुरूज

अंजनीला राग यायला फारसं काही लागत नसे. पण त्या रविवारी दुपारी, स्वतःच्याच घरात, तिला जो राग आला तो तिलाही नवा होता.

उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमधल्या जीन्सच्या कारखान्यात ती शिवलेल्या पँटींचे लोंबते धागे कापायची. अकरा वर्षं तिच्यासमोर बसून तेच काम करणारी द्रौपदी महिन्यापूर्वी गेली. शेजारच्या बिल्डिंगमध्ये घरी भात लावत होती आणि वरचा स्लॅब अंगावर आला. अंजनी तापाने पडली की तिच्या वाटणीचा ढीगसुद्धा कापून ठेवणारी बाई ती.

आणि आता अंजनीच्या खोलीत, प्रार्थनेला जमलेल्या दहा-बारा जणांसमोर, पास्टर मिलिंद सांगत होते, "त्या द्रौपदी बहिणीला चार वेळा प्रार्थनेला बोलावलं. आली नाही. हा देवाचा न्याय आहे." मंडळी माना डोलवत होती. डोलवायला काय जातं?

अंजनी उठली. "पास्टर, बायबलमध्ये शिलोहाचा बुरूज पडला ते वाचलंय ना तुम्ही? अठरा माणसं मेली. ती बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती काय, असं येशूनेच विचारलं. नाही म्हणून उत्तरही त्यानेच दिलं. मग तुम्ही कोण लागून गेलात?"

"पुढचं पण वाचा ना, ताई," पास्टर शांतपणे म्हणाले. "पश्चात्ताप केला नाही तर तुमचाही तसाच नाश होईल, असं आहे पुढे."

"तेच बोलते मी. ते मेलेल्यांना नाही सांगितलं. ऐकत उभे होते त्यांना सांगितलं." बोलताना तिने हात वर केला, आणि हातामागून नजरही वर गेली.

वर पीओपीचं पांढरंशुभ्र छत होतं. दिवाळीआधी महापालिकेकडून धोकादायक बिल्डिंगींची तपासणी होणार असं कळल्यावर तिने ते घाईघाईत लावून घेतलं होतं, वरच्या गंजलेल्या सळ्या दिसू नयेत म्हणून. घर खाली करायला लावलं तर जायचं कुठे? द्रौपदी तिच्या छताचे तडे सांगत रडत आली, तेव्हा, "तू पण पीओपी मारून घे, वर कोण बघतंय," हे तिला अंजनीनेच सांगितलं होतं.

महिनाभर ती अख्ख्या जगावर जळफळत होती. स्वतःला मात्र साफ वगळून. या विचाराने तिचं अंग पेटलं.

"दाराकडे सरका सगळे," ती म्हणाली आणि जळमटं काढायची लांब काठी घेऊन तिने छतावर हाणली. तिसऱ्या फटक्याला पीओपी धाडकन खाली आलं. वर ओला, फुगलेला स्लॅब आणि लालभडक सळ्या.

"ताई, बिल्डिंग खाली करायला लावतील," पास्टर शर्टावरची भुकटी झटकत म्हणाले. "शेजारी सोडणार नाहीत तुम्हाला."

"नाहीच सोडणार. काल मीसुद्धा कुणाला सोडलं नसतं."

तिने गाण्यांच्या वहीतलं कोरं पान फाडलं आणि उंबऱ्यावर बसून तपासणीवाल्यांना अर्ज लिहायला घेतला. आमचं छत धोक्याचं आहे आणि ते मी लपवलं होतं, असं लिहून सही केली. पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं, आणि सहीच्या वर उरलेल्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं, 'द्रौपदीलाही मीच शिकवलं.'