ताटली झाली

बेबी चाळिशीला टेकली होती, तरी घरात ती बेबीच होती. केसांत पांढरं डोकवायला लागलं, गुडघा कुरकुरायला लागला, पण जिन्याखालून दादाची हाक यायची ती "बेबी, मुलं आली गं!" अशीच. क्लासमधली मुलं मात्र तिला ताई म्हणायची, आणि ताई ऐकलं की तिची मान जराशी ताठ व्हायची.

घर वर आणि क्लास खाली. मधला जिना घराच्या आतूनच. म्हणजे स्वयंपाकघरातून निघायचं, जिना उतरायचा, की आलं कामाचं ठिकाण. लोक कौतुकाने म्हणायचे, "नशीबवान आहात हो, घरच्या घरी नोकरी!" बेबी हसून मान डोलवायची. घरच्या घरी नोकरी म्हणजे नोकरीवरून सुटून घरी जायची सोय नाही आणि घरातून सुटून नोकरीवर जायचीही नाही, हे त्यांना कोण सांगणार? रस्त्याकडे उघडणारं एकच दार होतं, क्लासचं. त्याच्या शेजारी खुंटी, आणि खुंटीवर बेबीची कापडी बॅग. गुरुवार सोडला तर आठवड्यातले बाकीचे दिवस ती तिथेच लटकलेली असायची.

दादा म्हणजे बेबीचा मोठा भाऊ आणि क्लासचा मालक. बेबीचं लग्न मोडलं तेव्हा तो स्वतः तिकडे गेला, तिचं सामान गाडीत टाकलं आणि "चल घरी" एवढंच म्हणाला. त्यानंतर इतक्या वर्षांत त्याने एकदाही ते बोलून दाखवलं नाही. वहिनीनेही नाही. दोघांनी तिला तळहाताच्या फोडासारखं जपलं. आणि खरं सांगायचं तर तिथेच सगळी पंचाईत होती. टोमणे मारणाऱ्याशी भांडता येतं, दार आपटून निघून जाता येतं. पण जो माणूस न विचारता तुमच्यापुढे गरम चहाचा कप आणून ठेवतो, त्याच्याशी काय कपाळ भांडणार? बेबीचा जीव गुदमरायचा, आणि जीव गुदमरतो याचीच तिला लाज वाटायची.

क्लास आधी नुसता गणिताचा होता. मग दादाच्या कानावर आलं की हल्ली पालक मशीन लर्निंग, मशीन लर्निंग करत फिरतात. त्याने लगेच दारावर पाटी लावली. मशीन लर्निंग खातात की पितात हे त्याला ठाऊक नव्हतं, पण बेबीचं शिक्षण संगणकाचं होतं, तेव्हा शिकवायचं बेबीने, हे न बोलताच ठरलं. तिला विचारायचं कोणाच्या मनातच आलं नाही. विचारलं असतं तरी ती हो म्हणाली असती, ही गोष्ट वेगळी.

पण शिकवायची मात्र फार झकास. पहिल्या दिवशी संगणकाला हातच लावू द्यायची नाही. टेबलावर दोन रिकामे डबे ठेवायची आणि एक अक्षर न बोलता एकेक वस्तू त्यांत टाकायची. बटण या डब्यात, पेन्सिल त्या डब्यात, झाकण या डब्यात, चमचा त्यात. जरा वेळाने मुलं ओरडायला लागायची, "गोल या डब्यात, लांब त्या डब्यात!"

"मी सांगितलं का तुम्हाला?" ती विचारायची.

"नाही!"

"मग कसं कळलं? बघून बघून कळलं. मशीनलाही आपण सांगत नाही. दाखवतो. आणि आपण जे दाखवू तेच ते शिकतं, त्याला दुसरं जग नाही."

त्यानंतर केळी. कच्ची केळी आणि पिकलेली केळी. दोन्हींचे कॅमेऱ्याने भरपूर फोटो काढायचे, संगणकातल्या दोन डब्यांत टाकायचे, आणि मग नवं केळं दाखवून मशीनला ओळखायला लावायचं. यंदाच्या मुलांनी हे काम मोठ्या उत्साहात केलं. मशीन पटापट ओळखायला लागलं. तेवढ्यात बडबड्या नावाच्या मुलाने पिकलेलं केळं उचलून खाल्लं आणि नुसती निळी ताटली कॅमेऱ्यापुढे राहिली. मशीनने ठणकावून सांगितलं, पिकलेलं! झालं होतं असं की पिकलेल्या केळ्यांचे सगळे फोटो वहिनीच्या निळ्या ताटलीत काढले होते आणि कच्च्यांचे टेबलावर. मशीन बिचारं केळं शिकलंच नाही, ते ताटली शिकलं. मुलं पोट धरून हसली. तेव्हापासून क्लासमध्ये म्हणच झाली. कोणी भलतीच गोष्ट पक्की करून बसलं की मुलं म्हणायची, "ताटली झाली!" एकाने तर घरी बापालाही ऐकवलं म्हणे.

आणखी एका गोष्टीवर बेबी अडून असायची. डब्यात खोटं टाकायचं नाही. कच्च्याला पिकलेलं म्हणून टाकलंत, तर मशीन विश्वास ठेवणार. त्याला काही शंका घेता येत नाही. क्लासमधली एक चष्मा लावणारी, नाकासमोर चालणारी मुलगी होती, तिला सगळे चष्मिस म्हणायचे. तिने तर हा नियम इतका मनावर घेतला की जरासं हिरवं, जरासं पिवळं केळं हातात धरून रडकुंडीला आली.

दर गुरुवारी बेबी बाजारात जायची. पुठ्ठे, चिकटपट्टी, बॅटऱ्यांचे सेल असलं काहीबाही आणायला. दादा म्हणायचा, "अगं, मी आणून देतो ना, कशाला उन्हात जातेस?" आणि ती म्हणायची, "तुला पुठ्ठा कळत नाही." कामाच्या बाबतीत एवढाच एक हट्ट तिने कधी केला असेल. गुरुवारी चपला पायात सरकवल्या, बॅग खांद्याला लावली आणि दार उघडलं की तिच्या छातीवरचं कोणीतरी उठून बाजूला व्हायचं. परत येताना मात्र कोपऱ्यावरच्या दुकानाशी पाय आपोआप जड व्हायचे.

अशाच एका गुरुवारी, बाजारात असताना, तिला फोन आला. दुसऱ्या शहरातल्या एका प्रशिक्षण केंद्राच्या प्रमुख बाई बोलत होत्या. मागे शाळांच्या प्रदर्शनात त्यांनी बेबीचे दोन डबे पाहिले होते. आता त्यांना शिक्षकांना शिकवणारं माणूस हवं होतं. राहायला खोली होती. "विचार करा," बाई म्हणाल्या, "पण फार लांबवू नका. रविवारी संध्याकाळपर्यंत मला फोन करा, नाहीतर मला दुसरं कोणी बघावं लागेल."

बेबी भर बाजारात पुठ्ठ्यांचा गठ्ठा कवटाळून उभी राहिली. एक खोली, जिला जिना नाही. तिला एकदम रडूच आलं.

रविवारी क्लासमध्ये पालकांसाठी प्रदर्शन होतं. ते पार पडलं की दादाला सांगायचं, असं तिने ठरवलं. जिना चढता-उतरताना ती वाक्य घोकायची, "दादा, मला एक नोकरी आलीय, मी जाऊ म्हणते." मधल्या पायरीपर्यंत वाक्य नीट यायचं. वर पोचून वहिनी "दमलीस गं" म्हणाली की सगळं मुसळ केरात.

इकडे मुलांचंही काही शिजत होतं. ती क्लासचा टॅब घेऊन कोपऱ्यात कुजबुजायची आणि बेबी आली की गप्प. "ताई, तुमच्यासाठी गंमत आहे," एवढंच बडबड्या म्हणाला, आणि त्याच्यासाठी एवढं कमी बोलणं म्हणजे चमत्कारच होता.

रविवार उजाडला. खुर्च्या मांडल्या, पालक आले, दादा नवा शर्ट घालून दारात उभा. टाळी आणि शिट्टी ओळखणारं मशीन झालं, केळ्यांचं झालं, आणि मग चष्मिस पुढे येऊन म्हणाली, "आता आमचा गुपित प्रकल्प. हे मशीन ओळखतं की आमच्या ताई खुश आहेत की वैतागलेल्या. म्हणजे गृहपाठ दाखवायला कधी जायचं ते आम्हाला कळेल."

पालक खो खो हसले. बेबीला धरून कॅमेऱ्यापुढे उभं केलं. तिचा चेहरा मोठ्या पडद्यावर आला आणि खाली शब्द उमटला, वैतागलेली.

"हसा ना ताई!"

ती हसली. वैतागलेली.

"आणखी मोठं!"

तिने बत्तिशी दाखवली. वैतागलेली. पालकांची हसून मुरकुंडी वळली. दादाच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. मुलांची तोंडं मात्र उतरली, म्हणून बेबी सवयीने म्हणाली, "घाबरायचं नाही. चूक झाली की कुठे बघायचं? डब्यात. खुश डबा उघडा."

चष्मिसने डबा उघडला. पडद्यावर फोटोच फोटो पसरले. बेबी दाराशी उभी, बेबी चपला घालताना, बेबी वळून मुलांना "शहाण्यासारखं बसा" म्हणताना. प्रत्येक फोटोत उघडं दार आणि खांद्याला बॅग. बेबीने स्वतःला असं हसताना आरशातही पाहिलं नव्हतं. ती बाई तिच्याहून बरीच लहान दिसत होती.

"दुसरीकडचे फोटो का नाही काढलेत?" तिने विचारलं, आणि विचारल्यावर जीभ चावली.

"दुसरीकडे तुम्ही खुश सापडलाच नाहीत," चष्मिस म्हणाली. "आम्ही पुष्कळ वाट बघितली. डब्यात खोटं टाकायचं नाही ना." आणि एकदम तिची ट्यूब पेटली. "ताई, ताटली झाली! बॅग म्हणजे ताटली!"

बडबड्याने धावत जाऊन खुंटीवरची बॅग आणली आणि बेबीच्या खांद्याला अडकवून तिला दाराशी उभं केलं. कॅमेरा तिकडे वळवला. खुश! टाळ्यांचा कडकडाट झाला. बेबीचा चेहरा तेव्हा पांढराफटक पडला होता, पण मशीन ठामपणे म्हणत होतं, खुश.

हसला नाही तो फक्त दादा. पालक दुसऱ्या टेबलाकडे वळले तसा तो जवळ आला. त्याचा आवाज इतका खाली तिने कधी ऐकला नव्हता.

"बेबी, तू इथे खुश नाहीस का गं?"

हीच ती वेळ होती. देवाने ताटात वाढून द्यावं तशी. घोकलेलं वाक्य जिभेवर तयार होतं. तिने मान वर केली आणि दादाचा चेहरा पाहिला. तिला न्यायला आला होता तेव्हा तिच्या सासरच्या दारात उभ्या राहिलेल्या दादाचा तो चेहरा होता, आपलंच काही चुकलं असावं असा. आता एक शब्द बोलले तर हा माणूस मोडून पडेल, असं तिला वाटलं. मोडला असता की नाही कोण जाणे. माणसं वाटतात तेवढी मोडत नाहीत. पण तिला तसं वाटलं, आणि तिथेच सगळं संपलं.

"काहीतरीच काय दादा," ती म्हणाली. "मशीन ते. त्याला काय कळतंय? मुलांचे फोटो चुकले, बस."

दादाच्या जिवात जीव आला. तो लगेच मोठ्याने म्हणाला, "अरे मग दुरुस्त करा ना! ते बॅगवाले फोटो आधी उडवून टाका, तेच सगळा घोळ करताहेत. बेबी, फळ्याजवळ उभी राहा. हास बरं छान!"

बॅग पुन्हा खुंटीवर गेली. दारातली ती हसरी बाई एका बोटासरशी पुसली गेली. संध्याकाळी मुलं सुटताना उघड्या दारात बिनबॅगेची उभी राहणारी बाई तेवढी वैतागलेल्या डब्यात राहिली. बेबी फळ्याजवळ हसली, टेबलाजवळ हसली, जिन्याच्या पायरीवर बसून हसली, दादाच्या खांद्यावर हात ठेवून हसली. मुलं फोटो काढत होती. चष्मिस टॅब हातात धरून थांबली.

"ताई, हे कोणत्या डब्यात टाकू?"

बेबी फळा पुसायला लागली.

"ताई, खरं सांगा हं. नाहीतर मशीन तेच शिकेल."

दादा शेजारीच उभा होता. बेबी म्हणाली, "खुश."

चष्मिसने चष्मा सावरला, तिच्याकडे एकदा नीट बघितलं, आणि सगळे फोटो खुश डब्यात टाकले. ताई सांगते म्हटल्यावर मुलगी तरी काय करणार?

मशीन पुन्हा शिकलं. बेबी फळ्याशी उभी राहिली, हसली. खुश. टेबलाशी, खुश. मग ती हसायची थांबली. तरी खुश. बडबड्या नाचायला लागला. बाहेर ऊन उतरायला आलं होतं आणि बेबीचा फोन टेबलावर पालथा पडला होता.

"आता बॅग घेऊन बघू या!" कोणीतरी ओरडलं.

तिने बॅग खांद्याला लावली. दार उघडून उंबऱ्याशी उभी राहिली. समोर रस्ता होता, कोपऱ्यावरचं दुकान होतं, वारा आत येत होता. तिने वळून पडद्याकडे पाहिलं.

वैतागलेली.

"बघितलंस!" दादा खदखदून हसला. "तू घर सोडून गेलेली मशीनलासुद्धा खपत नाही. ये, आत ये. वहिनीने चहा टाकलाय."

चष्मिस मात्र हसत नव्हती. ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "ताई, परत ताटली झालीय का?"

"नाही गं," ताई म्हणाली. "आता बरोबर आहे."

तिने बॅग खुंटीला अडकवली आणि दार लावून घेतलं. पडद्यावर लगेच शब्द बदलला, खुश, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.