प्रकार: घरचाच

ड्रॉपडाउन म्हणजे पडद्यावरची ती चौकट, जिच्या टोकाला छोटा बाण असतो. बाण दाबला की पर्याय खाली उलगडतात आणि त्यातला एक घ्यायचा असतो. आपल्या मनाचं तिथे काही लिहिता येत नाही. जालन्यात माझी बरीच वर्षं दुसऱ्यांसाठी असे पर्याय भरण्यात गेली.

माझं गाव सावंतवाडीकडचं. नववीत शाळा सुटली आणि आंब्याच्या गाडीबरोबर इथे आलो. गाडी परत गेली, मी राहिलो. ज्यांनी ठेवून घेतलं त्यांना मी काका म्हणतो. अंबड रोडला त्यांचं ऑफिस आहे, बियाणे कंपन्यांसाठी प्रोग्रॅम बनवायचं. मी झाडलोट करायचो. पुढे तिथल्या इंजिनिअर ताईंनी मला शेजारी बसवून जावा ही प्रोग्रॅम लिहायची भाषा शिकवली. ताई रोज परतूरहून रेल्वेने येतात. मला कावीळ झाली तेव्हा काकूंनी माझं बिनतेलाचं जेवण वेगळं शिजवलं, आणि मी बरा होईपर्यंत त्यात एकदाही खंड पडला नाही. ऑफिसच्या वरची खोली माझी. शटरची चावीही माझ्याच खिशात असते, सगळे सकाळी माझी वाट बघत पायरीवर उभे असतात. ही चावी मिळाली तेव्हा मला रडू आलं होतं. ती खिशात घेऊन गावाला जाता येत नाही, हे हळूहळू लक्षात आलं.

दर वेळी तेच व्हायचं. गणपतीला जाईन म्हणायचो. काका म्हणायचे, "जा की. पर तू गेल्यावर उघडणार कोन?" यात धमकी बिलकुल नसायची. मग मीच म्हणायचो, राहू दे काका, पुढच्या वेळी जातो.

या वर्षी बहिणीचं लग्न ठरलं. आमच्यात लग्नात नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो. मी एकटाच भाऊ. आई फोनवर दुसरं काही बोलेचना.

"कान कोण पिळतलो? तू येतलंस मां?"

"बघतो," मी म्हणायचो. आई फोन ठेवून द्यायची. 'बघतो'चा अर्थ तिला माहीत झाला होता.

नेमका तेव्हाच मी रजेचा प्रोग्रॅम करत होतो. एका बियाणे कंपनीला तो द्यायचा होता, पण काका म्हणाले, "आधी आपल्याच पोटात पचू दे, मंग लोकाच्या." म्हणजे पहिल्यांदा आमच्या ऑफिसात चालवायचा.

ताईंची शिस्त अशी की पर्यायांची यादी पडद्यावर लिहायची नाही. "पडद्याला काय कळतंय? त्यानं रजेला विचारायचं, तुझे पर्याय कोनते? रजेनं कर्मचाऱ्याला विचारायचं, तू कोनत्या प्रकारचा? कायमच्याला वेगळ्या रजा, ठेक्यावरच्याला वेगळ्या, शिकाऊला वेगळ्या. आन् हे नियम आपल्या मनाचे न्हाईत. ज्याचा धंदा, त्याला जाऊन विचारायचे." दुसरी शिस्त अशी की प्रकारच माहीत नसेल तर प्रोग्रॅम पडू, म्हणजे मध्येच बंद होऊ द्यायचा नाही, रिकामी यादी द्यायची. मी दोन्ही पाळल्या. माझ्या हातचं एवढं नीट काम त्याआधी झालं नव्हतं.

माणसांची माहिती भरायला काका स्वतः शेजारी बसले. ते सांगत गेले, मी भरत गेलो. "ताई कायम. तो पोरगा ठेक्यावर. ही शिकाऊ." मग माझं नाव आलं.

"आन् ह्याचा प्रकार?" ताईंनी विचारलं.

"ह्याचा कसला प्रकार? हा घरचाच हाय," काका हसून म्हणाले. "राह्यू दे रिकामं."

मला इतकं भरून आलं की मी पटकन सेव्ह केलं.

त्याच दिवशी काकांनी सगळ्यांना सांगितलं, आजपासून तोंडी रजा बंद, रजा मागायची तर प्रोग्रॅममधून. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी माझ्या नावाने आत गेलो आणि 'रजेचं कारण' समोरचा बाण दाबला. खाली काहीच उलगडलं नाही, नुसती पांढरी पट्टी. पुन्हा दाबला. कारण निवडल्याशिवाय अर्ज पुढे जात नव्हता, ती अट मीच घातली होती. प्रोग्रॅम पडलाही नाही. पडला असता तर निदान सगळ्यांना दिसलं असतं. तो माझ्यापुढे गप्प उभा राहिला.

मी काकांच्या टेबलाशी गेलो.

"काका, एक बोलायचं होतं. रजेचं."

"ए, तोंडी बंद!" ते खुशीत होते. "तूच तं बनवलं ना? आन् पहिला तूच मोडून राह्यला?"

सगळे हसले. मीही हसलो आणि जागेवर आलो.

तसं बघितलं तर सगळं माझ्याच हातात होतं. माझ्या नावापुढे प्रकार टाकायला कितीसा वेळ लागणार! मी 'कायम' निवडलंसुद्धा. तो शब्द माझ्या नावापुढे बघितला, म्हणजे आता कायमचं इथेच. पुसला. 'ठेका' निवडला, तर काकू वाढताना डोळ्यापुढे आल्या. तोही पुसला.

ताई मागे येऊन उभ्या होत्या, मला कळलंच नाही.

"काय करून राह्यला रे?"

"यादी रिकामी येते ताई. माझी."

त्यांनी बघितलं. कोड बघायची त्यांना गरज पडली नाही.

"कोड बराबर हाय तुझा. नियमच न्हाई सांगितला कोणी. मंग काय शिकवलं मी?"

"ज्याचा धंदा, त्याला विचारायचं."

"मंग जा की. का पाय मोडलेत?"

रजा मागायला जायची हिंमत मला झाली नसती, पण नियम विचारायला जाणं हे माझं कामच होतं. वही-पेन घेऊन मी काकांसमोर उभा राहिलो.

"काका, प्रोग्रॅममध्ये एक प्रकार कमी आहे. 'घरचाच'. त्याला रजा कोणत्या द्यायच्या?"

काका आधी हसले. मग हसू थांबलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग खिडकीबाहेर.

"घरून फोन आल्ता का?"

"बहिणीचं लग्न आहे. कान पिळायला भाऊ लागतो."

"अन् हे तू मला असं विचारतो?" आवाज दुखावलेला होता. मी मान खाली घातली. त्यांनी टेबलावरचे कागद उगाच सारखे केले. शेवटी म्हणाले, "लिही. घरच्याला सगळ्या रजा. जितक्या हायेत तितक्या."

मी लिहून घेतलं. वळणार तेवढ्यात त्यांनी हाक मारली.

"अन् ऐक. परत यायची तारीख कंपल्सरी कर. बाकीच्यांना नको. घरच्यालाच."

मी तेही लिहून घेतलं आणि तसाच कोड केला. बाण दाबला, सगळे पर्याय उलगडले: आजारपण, लग्न, बाळंतपण, मयत, यात्रा. बाळंतपणसुद्धा! मी 'लग्न' घेतलं. खाली परत यायच्या तारखेची चौकट लाल होऊन बसली होती, ती भरल्याशिवाय काही पुढे जाईना. भरली. काकांनी लगेच मंजूर केलं. संध्याकाळी काकूंनी वाटेसाठी धपाटे लागतील का, म्हणून विचारलंही.

मी आईला फोन केला. "येतंय," म्हटलं. ती रडली, मग हसली. मग म्हणाली, "आणि परत कधी जातलंस?" तारीख माझ्या जिभेवर तयारच होती.

निघायच्या दिवशी शटरची चावी मी ताईंकडे दिली. त्यांनी ती तळहातावर घेतली आणि जरा खालीवर करून बघितली.

"चावी ठेवते," त्या म्हणाल्या. "पर घरची म्हणू नको मला."