फ्रान्सची धनश्री

धनश्रीला पाहिलं तर तुमाला ती गरीब गाय वाटंल. फसाल! परळीच्या होस्टेलात दोन वर्षं एका खोलीत राहतेय मी तिच्यासंगं. मी समिना, फळवाल्याची पोरगी, चिडले की भांडून मोकळी होते. ती भांडत न्हाई. ती ध्यानात ठेवते.

शिरूर कासारची हाय ती. आईबाप दसऱ्याला ऊसतोडीला जायचे, पाडव्याला परतायचे. चौथीत ती त्यांच्यासंगं गेलती, तर मास्तरनं पटावरून नावच कमी केलं. वर्ष वाया गेलं. त्या मास्तरला ती अजून नमस्कार करत न्हाई.

यंदा कॉलेजात संयुक्त राष्ट्रांची अभिरूप सुरक्षा परिषद भरवली. पंधरा पोरं, पंधरा देश, विषय सुदानचं युद्ध. चिठ्ठीत आमच्या वर्गातल्या अभिमन्यूला जपान आला, धनश्रीला फ्रान्स. फ्रान्स म्हणजे कायमचा सदस्य, त्यानं एकट्यानं नकार दिला तरी ठराव खलास. ज्याचा ठराव मंजूर, तो दिल्लीच्या स्पर्धेला जाणार.

"दिल्लीला जायचंच," म्हणून धनश्रीनं आठ दिवस लायब्ररी सोडली न्हाई. तिच्या ठरावात एक कलम होतं, निर्वासितांच्या छावणीतल्या लेकरांची नावं शाळेच्या पटावरून कुणी कमी करायची न्हाईत. खरं सांगते, वाचून मला रडू आलतं.

अभिमन्यूनं तिचा कच्चा कागद मागितला. "नुसता बघून देतो गं." आणि ह्या भामट्यानं तोच टाइप करून परिषद घेणाऱ्या सरांकडं आधीच दिला! धनश्री पक्का ठराव घेऊन गेली तर सर तिलाच म्हणाले, "अभिमन्यूचा उतरवलास होय?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणलं, चल, गचांडीच धरू त्याची. ती म्हणली, "गप. वाचू दे त्याला."

त्यानं वाचला, कोट घालून, छाती फुगवून. मग धनश्री उठली.

"अध्यक्ष महोदय, फ्रान्सला एक शंका आहे. जपान म्हणतोय, लेकरांची नावं दसरा ते पाडवा पटावर ठेवावीत. सुदानात दसरा कधी असतो?"

सगळा हॉल खोखो हसला. कच्च्या कागदावर तिनं सवयीनं घरचाच हंगाम लिहिलता, पक्क्यात सुधारला होता. त्या दिवट्यानं न वाचताच उतरवला. काय घाम फुटला त्याला! मला असं गार वाटलं म्हणून सांगू.

पण ठराव मुळात चांगलाच. जपाननं ती ओळ काढली आणि मतदान लागलं. बाजूनं चौदा हात वर. विरोधात एकच, धनश्रीचा.

सर धावत तिच्यापाशी आले. "अगं, कळलं मला. तुझाच आहे तो. हात खाली घे, दोघांच्या नावावर करतो, दोघं जा दिल्लीला."

"मी पक्का ठराव घेऊन आलते तवा कावून न्हाई कळलं, सर?"

"प्रस्ताव तर चांगला आहे ना?"

"चांगला हाय म्हणूनच. अभिमन्यूचं नाव त्याला लागू देणार न्हाई."

ठराव पडला. दिल्लीला दोघांपैकी कुणीच गेलं न्हाई.

खोलीवर आल्यावर ती गादीवर पडून रडली. मी विचारलं, "वाईट वाटतंय का गं?"

"लई," ती म्हणली. मग डोळे पुसून उठून बसली. "पण त्याला माझ्यापेक्षा जास्ती वाटलं असंल ना?"