फुकट वाटलं म्हणून काय झालं

आमच्या विहाराच्या अध्यक्षांशी मी आजही बोलत नाही. नाशिकरोडच्या भाजीबाजारात समोर आले की ‘जय भीम, ताई’ म्हणतात. मी मेथीच्या जुड्या बघत राहते.

एका बुद्धपौर्णिमेला सुत्तांची, म्हणजे बुद्धाच्या उपदेशांची, छोटी पुस्तिका फुकट वाटायचं विहारात ठरलं. मी डीटीपी करते, म्हणून टायपिंग माझ्याकडे आलं. अनुवाद नांदगावच्या एका निवृत्त प्राध्यापिकेचा, त्यांच्या पुस्तकातला. पाली शिकून, वर्षानुवर्षं घासून केलेला. परवानगीसाठी मी त्यांना फोन केला.

“खुशाल वाटा,” त्या म्हणाल्या. “पैसे नकोत. माझं नाव असू द्या आणि शब्दाला हात लावू नका.”

मी शब्द दिला. अध्यक्षांनाही सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि फाइल छापायला नेली.

पौर्णिमेला गठ्ठा सुटला. पहिल्याच पानावर अध्यक्षांच्या वडिलांचा फोटो, खाली ‘स्मरणार्थ’. बाईंचं नाव कुठेच नाही. मी उभ्याउभ्याच पानं उलटली. गृहस्थाने कसं वागावं, हे सांगणारं सुत्त काढलं. नवऱ्याने बायकोचा मान राखावा, तिला घालूनपाडून बोलू नये, हे होतं. घरचा कारभार तिच्या हाती सोपवावा, हे वाक्य गायब. मी स्वतः टाइप केलं होतं ते.

खिरीची रांग लागली होती. मी तिथेच त्यांना गाठलं.

“हे वाक्य कोणी काढलं?”

“जागा पुरत नव्हती.”

“फोटोला बरी पुरली.”

त्यांचा आवाज चढला. “बुद्धाच्या वचनावर कसला आलाय कॉपीराइट? धम्म सगळ्यांचा आहे.”

“धम्म सगळ्यांचा. ही मराठी त्या बाईंची आहे. आत्ताच पंचशील म्हणालात ना? दिलं नसेल ते घेणार नाही म्हणून?”

खीर वाढणारी बाई म्हणाली, “जाऊ द्या ना ताई, फुकटच तर वाटतायत.” मला अध्यक्षांपेक्षा तिचाच जास्त संताप आला. तिच्याच हक्काचं वाक्य उडवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी नांदगावला फोन करून सगळं सांगितलं. शुद्धिपत्र छापते, म्हटलं, तुमच्या नावासकट.

“त्या पुस्तिकेत आता माझं नाव घालूच नका. आणि यापुढे मी कोणालाच परवानगी देणार नाही. तुम्हालाही नाही.” फोन बंद.

मी काय घोडं मारलं होतं यांचं? दिवसभर धुसफुसत होते.

पुढे पेठ तालुक्यातल्या काही बायकांनी माझ्याकडे ती फाइल मागितली. दर रविवारी एकत्र बसून वाचायचं म्हणत होत्या. फाइल माझ्या कॉम्प्युटरवर होती, एका क्लिकवर. मी नाही म्हटलं. बाईंचं पुस्तक विकत घ्या, असं सुचवलं.

“इथे कुठे मिळतंय ते?” एकजण फणकारली. “धम्माच्या कामातही तुमचे नियम!”

फाइल मी नाहीच पाठवली. महिन्याभरात त्यांच्या ग्रुपवर अध्यक्षांची पुस्तिका फिरू लागली, वडिलांच्या फोटोसकट.