टेलरकाकांच्या दाराची किल्ली

माझा मामा कुलपं दुरुस्त करतो. पोलिसांना एखाद्या घराची झडती घ्यायची असली आणि दाराला कुलूप असलं, की दार न मोडता उघडायला ते मामाला बोलवायचे. मामाची पद्धत ठरलेली. आधी चष्मा लावून वॉरंट वाचायचं, न्यायाधीशांची सही बघायची, पत्ता दारावरच्या नंबराशी ताडायचा, मगच हत्यारांची पिशवी उघडायची. दार उघडलं की आत नजरही न टाकता जिन्यात पाठ करून उभं राहायचं. "घर लोकांचं. आपलं फक्त कुलूप," असं तो म्हणे.

गल्लीला मात्र या नेकीचं काही नव्हतं. पोलिसांचा माणूस म्हणून लोक त्याला चार हात लांब ठेवत. मामी गेल्यावर तर त्याच्याकडे फिरकणारं एकच माणूस उरलं, समोरच्या इमारतीतले टेलरकाका. रोज दुपारी ते मामाच्या दुकानात येऊन बसत, चहा पीत आणि त्याच्या सदऱ्याच्या शिवणीला नावं ठेवत. विसरभोळे इतके, की महिन्यातून दोनदा किल्ली हरवायची. म्हणून त्यांच्या घराची जादा किल्ली मामाकडेच असे.

काका परगावी गेलेले असताना पोलिसांची गाडी आली, ती त्यांच्याच दारात. मामाने वॉरंट मागितलं.

"येतंय मागून," साहेब म्हणाले. "तुम्ही उघडा, नाहीतर आम्ही लाथेनं उघडतो."

एका शिपायाने पाय उचललासुद्धा. ते कुलूप मामानेच बसवलेलं, चौकटही त्यानेच तासून नीट केलेली. त्याचा जीव त्या चौकटीत अडकला. खणातली किल्ली आणून त्याने दार उघडून दिलं आणि सवयीप्रमाणे पाठ करून उभा राहिला! आठवलं की माझं डोकं आजही फिरतं. चौकट वाचवायला गेला आणि घर देऊन बसला.

आत पोलिसी गणवेशाचे तीन जोड सापडले. एका नाटक मंडळीने ते शिवून घेतले होते आणि न नेताच गाशा गुंडाळला होता. पण तोतया पोलिसांना मदत केल्याचा ठपका ठेवून काकांना परतताच अटक झाली. चार महिने ते कोठडीत होते. वॉरंट काही शेवटपर्यंत आलं नाही.

कोर्टात सरकारी वकील म्हणाले, वॉरंट हवंच कशाला? मालकाने विश्वासाने दिलेल्या किल्लीनेच दार उघडलं, म्हणजे त्याची संमतीच झाली. मामाने नुसतं "हो" म्हणायचं होतं. साहेब आदल्या दिवशी दुकानात येऊन "जपून बोला" असं बजावूनही गेले होते.

"किल्ली त्यानं माझ्याकडे स्वतःसाठी ठेवली होती, पोलिसांसाठी नाही," मामा म्हणाला. "मी वॉरंट मागितलं, ते मिळालं नाही. मी उघडायला नको होतं. चूक माझी."

आवाज इतका बारीक, की न्यायाधीशांनी पुन्हा बोलायला लावलं. त्याने तेच सगळं पुन्हा सांगितलं, चूकसुद्धा.

दुसऱ्याकडे ठेवलेली किल्ली म्हणजे झडतीची परवानगी नव्हे, असा निकाल लागला. राज्यघटनेने माणसाच्या घराला दिलेलं संरक्षण त्याच्या मित्राला परस्पर सोडून देता येत नाही. झडतीच बेकायदा, म्हणून गणवेश पुराव्यातून बाद झाले आणि काका सुटले. पोलिसांनी मामाला बोलावणं बंद केलं. गल्लीने म्हणून काही त्याला जवळ केलं नाही.

काका सुटले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मामाने दोघांचा चहा टाकला. काका आले नाहीत. आठवडा गेला. मामा रोज दोघांचा चहा टाकायचा आणि एकटाच प्यायचा. मला ते बघवेना, म्हणून मीच काकांकडे गेले. दाराला नवं कुलूप होतं, बाजारातल्या दुसऱ्याच कुणीतरी बसवलेलं.

"मामानंच सोडवलं ना तुम्हाला?" मी जरा तडकूनच विचारलं.

"सोडवलं. मी कुठं नाही म्हणतोय?" काका सुईत दोरा ओवत म्हणाले. "पण पोरी, मी नसताना पोलिसांना माझ्या घरात घेतलं कुणी? कडी लावताना रोज तेच मनात येतं बघ."

मी मामाला सगळं जसंच्या तसं सांगितलं. तो कानस घेऊन एक किल्ली घासत होता, तो थांबला.

"बरोबर आहे त्याचं," म्हणाला. मग किल्लीवरचा कीस फुंकत त्याने विचारलं, "कुलूप चांगलं बसवलंय ना गं? सहज उघडण्यासारखं नाही ना?"

"नाही," मी म्हणाले. मला कुलपातलं काय कळतंय!