दार नाही, म्हणून घर नाही

मंडळी, आज खानेसुमारीसाठी कंपूत, म्हणजे छावणीच्या वस्तीत, दारोदार गेरूने नंबर टाकत फिरलो. मागच्या झाडूवाल्यांच्या वस्तीत गेलो, तर झोपड्यांना दारंच नाहीत, नुसते बांबूंना टांगलेले गोणपाटाचे पडदे.

मी सोबतच्या खानेसुमारीच्या साहेबांना विचारलं, "बांबूवर टाकू का?"

"नियम दाराचा आहे. सोडा ते."

एक बाई पडदा सारून म्हणाली, "बाबूजी, हमारे यहाँ नंबर नहीं डालोगे? सुना है, नंबरवालों को नल मिलेगा."

साहेब तोवर टांग्यात बसले होते.

संध्याकाळी कचेरीतल्या नकाशावर त्या वस्तीच्या जागी 'मोकळी जमीन' असं लिहिलं गेलं. माझ्यासमोर.

मग एवढंच सांगा, उद्या पहाटे त्या मोकळ्या जमिनीतून उठून आपल्या गल्ल्या झाडायला कोण येणार आहे?