उत्कृष्ट मेकअप

मी जबलपूरच्या एका खाजगी शाळेत इतिहास शिकवते. पुस्तकातल्या इतिहासाने मुलांना झोप येते, म्हणून तासाची शेवटची पाच मिनिटं मी चमत्कारिक गोष्टींसाठी राखून ठेवते. पकडलेल्या ठगांना आपल्याच गावात गालिचे विणायला बसवलं होतं, हे सांगितलं की मागच्या बाकावरचेही जागे होतात. शाळेत हॅलोवीन करायचं ठरलं तेव्हा प्राचार्यबाई मला म्हणाल्या, "भूत-प्रेत आप ही देख लीजिए, आपको तो आता है."

घरी येऊन आईला सांगितलं. पितृपक्ष नुकताच संपला होता. आई म्हणाली, "आत्ताच तं सगळ्यांना जेवू घालून पाठवलं. आता परत काहून बोलावून राहिली?" मी पोट धरून हसले.

आमच्या नर्सरीला एक आया होत्या. मी त्यांना मावशी म्हणायची. त्यांचं माहेर शहपुऱ्याचं, घरात मराठी, त्यामुळे त्या स्टाफरूममध्ये आल्या की आम्ही दोघी हळूच मराठीत बोलायचो. तरुणपणी स्टोव्ह भडकून त्यांचा डावा गाल, कान आणि मान जळली होती. 'स्टोव्ह' हा शब्द त्या फार भरकन म्हणायच्या, आणि मी कधी पुढे विचारलं नाही. त्या बाजूने पदर नेहमी कानावरून ओढलेला असायचा. नर्सरीत नवी आलेली मुलं चार दिवस टक लावून बघायची, मग विसरून जायची. दुपारी त्यांच्या मांडीवर झोपण्यावरून मुलांची भांडणं व्हायची.

घमापूरच्या बाजारात मी काळं कापड आणि पोशाख आणायला गेले. दुकानदाराने विचारलं, "दीदी, चुड़ैल में दो वैरायटी है. देसी दूँ कि विदेशी?" मी दोन्ही घेतल्या. विज्ञानाच्या प्रयोगशाळेची भूतखोली करायची होती. मावशी आणि मी कापूस पिंजून खिडक्यांना कोळ्याची जाळी लावत होतो.

"ताई, हे कोण्या देवाचं असते?" त्यांनी विचारलं.

"देवाचं नाही, भुतांचं."

"अच्छा. मंग प्रसाद काय?"

"चॉकलेट."

"चलो, बरं आहे."

लहान मुलं अंधारात घाबरतील, म्हणून मावशींनी आत कोपऱ्यात बसायचं आणि कोणी रडलं तर उचलून बाहेर आणायचं, असं ठरलं. ठरलं म्हणजे मीच त्यांना सांगितलं. त्या दिवशी मी दाराशी उभी राहून दहा-दहा जणांना आत सोडत होते. मुलांबरोबर पालकही होते, आणि प्रत्येकाच्या हातात फोन. पंखा लावला की कापूस उडायचा, म्हणून तो बंद होता. आत जीव नकोसा करणारा उकाडा. मावशींनी पदर खांद्यावर घेतला असणार. आतून कोणीतरी ओरडलं, "अरे वाह, क्या मेकअप है! एकदम असली!" मला वाटलं, आठवीतल्या पांढऱ्या साडीवाल्या मुलीबद्दल बोलत आहेत. मला बरंही वाटलं, कारण तिचा चेहरा मीच रंगवला होता.

मैदानावर सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. बक्षिसं वाटायला एक ब्युटी पार्लरवाल्या बाई पाहुण्या होत्या. त्याही खोलीतून फिरून आल्या होत्या. त्यांनी हसत जाहीर केलं, "बेस्ट मेकअप का प्राइज़ उन आंटी को, जो अंदर कोने में बैठी थीं."

मावशींना कळलंच नाही काय चाललंय. कोणीतरी त्यांना पुढे ढकललं. कडेवर एक रडवेली मुलगी, पदर पुन्हा कानावरून ओढलेला. पाहुण्या म्हणाल्या, "पल्लू हटाइए ना, सबको दिखाइए," आणि स्वतःच्या हाताने त्यांनी तो पदर मागे सारला. भर उन्हात पाहुण्यांचा हात तसाच हवेत राहिला. पुढच्या रांगेतल्या टाळ्या आधी थांबल्या. मागच्यांना दिसत नव्हतं, ते वाजवत राहिले.

माइक माझ्या हातात होता. मी म्हणाले, "और अब नर्सरी का डांस."

पाहुण्या ऑफिसात बसून रडल्या, "मुझे क्या पता था" म्हणत राहिल्या. पण कोणीतरी भूतखोलीतला मावशींचा व्हिडिओ भीतीदायक संगीत लावून पसरवला होता. दोन दिवसांनी पालकांच्या ग्रुपवर एका आईने लिहिलं की तिची मुलगी झोपेत दचकते, अशा लोकांना लहान मुलांजवळ का ठेवता? तिला आणखी तिघी येऊन मिळाल्या. त्यातल्या दोघींची मुलं रोज मावशींच्या मांडीवर झोपायची. प्राचार्यबाईंनी मावशींना मागच्या स्टोअररूममध्ये पाठवलं. "उन्हीं के भले के लिए," त्या मला म्हणाल्या. मी मान डोलावली. आठवडाभर मावशी तिथे जुनी रजिस्टरं पुसत बसल्या, मग यायच्या बंद झाल्या.

थंडीत, मटाराच्या दिवसांत, मी शहपुऱ्याला त्यांच्या भावाच्या घरी गेले. मावशी अंगणात शेंगा निवडत होत्या. पदर खांद्यावर होता, चेहरा पूर्ण उघडा. मी तिकडे बघितलेलं त्यांच्या लक्षात आलं. "इथं कोण पाहून राहिलं," त्या म्हणाल्या.

मी म्हणाले, "मावशी, हे सगळं माझ्यामुळे झालं."

नाही हो, असं काही त्या म्हणतील, अशी माझी आशा होती. त्या म्हणाल्या, "हो. तुमच्या हातात माइक होता ना. मले वाटलं, ताई सांगतीन."

आतून चहा आला. तो पिऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "नर्सरीतल्या पोरायले आता बूट कोण घालून देते?"

मला माहीत नव्हतं. त्या दिवसापासून मी शाळेच्या त्या बाजूला फिरकलेच नव्हते. तेही मी त्यांना सांगितलं. त्यांनी पुढची टोपली ओढून घेतली. बसला अजून वेळ होता, म्हणून मी समोर बसले आणि पिवळ्या पडलेल्या शेंगा वेगळ्या काढू लागले. त्यांनी मला थांबवलं नाही.